मागच्या हंगामापासून नेमके काय शिकावे?

वाचकांचे प्रश्न

खरिपाच्या तोंडावर या सदराकडे बियाणे आणि खतांविषयीचे प्रश्न दरवर्षीच येतात. या वेळी मात्र बऱ्याच पत्रांचा रोख वेगळा आहे. मागे जे चुकले ते पुन्हा चुकू नये म्हणून काय करावे, असे अनेकांनी विचारले आहे. त्यांतील काही पत्रे येथे घेतली असून पत्रलेखकांच्या विनंतीवरून त्यांची नावे दिलेली नाहीत.

प्रश्न : माझी कोरडवाहू शेती असून निम्म्याहून अधिक वावरात कपाशी असते. २०२१ साली दिवाळीचा खर्च आणि कृषी केंद्राची उधारी यांमुळे सगळा कापूस आठ हजार रुपये क्विंटलच्या आसपास विकून मोकळा झालो. पुढे चार-पाच महिन्यांत भाव दहा हजारांच्या वर गेला आणि घरच्यांनी घाई केल्याचा ठपका माझ्यावर ठेवला. तो धडा घेऊन २०२२ साली साडेआठ हजारांचा भाव मिळत असतानाही मी कापूस विकला नाही. घरातली एक खोली आढ्यापर्यंत भरली, लेकरांच्या अंगाला खाज सुटली आणि शेवटी पेरणीच्या खर्चासाठी जूनमध्ये सात हजारांच्या आसपास विकावा लागला. त्याआधी तुरीच्या बाबतीतही असेच झाले होते. धडा घेतला तरी मार बसतो आणि नाही घेतला तरी बसतो. मग मागच्या चुकांपासून शिकायचे म्हणजे काय?
— एक कास्तकार, आर्वी तालुका, जि. वर्धा

उत्तर : आपले पत्र वाचल्यावर पहिली गोष्ट सांगावीशी वाटते ती ही की, २०२१ साली आपण चूक केलेलीच नव्हती. त्या दिवाळीत आपल्याला काय माहीत होते ते आठवून पाहावे. त्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव ६,०२५ रुपये होता आणि बाजारात त्याहून जवळजवळ दोन हजार रुपये अधिक मिळत होते. उधारीवर व्याज चढत होते आणि सण समोर होता. अशा वेळी माल विकून देणे फेडणारा माणूस शहाणपणानेच वागतो. पुढे भाव चढला, ही नंतरची गोष्ट झाली, आणि ती तेव्हा आपल्यालाच काय, आपल्या व्यापाऱ्यालाही ठाऊक नव्हती. निकाल मनासारखा लागला नाही की आधीचा निर्णयच चुकीचा होता असे आपण धरून चालतो, आणि घरचे व शेजारी त्याला दुजोरा देतात. जी चूक नव्हतीच तिच्यापासून घेतलेला धडा पुढच्या वर्षी नडणारच होता.

भावापासून धडा घेणे का फसते, याचे कारण आपल्या गावाबाहेर आहे. त्या हंगामात जगभरच कापसाचे दर चढले होते, सूतगिरण्यांची मागणी वाढली होती आणि देशातले उत्पादन अपेक्षेपेक्षा कमी भरले होते. एप्रिल २०२२ मध्ये केंद्र सरकारने कापसावरचे ११ टक्के आयात शुल्क काही महिन्यांपुरते माफ केले. पुढच्या हंगामात सुताची मागणी ओसरली आणि भावाची चढती कमान राहिली नाही. यांतील एकही गोष्ट आपल्या वावरात घडत नाही आणि मागच्या वर्षी घडली म्हणून यंदा घडेल असेही नसते.

तुरीचा जो उल्लेख आपण केला आहे, तो तर फार बोलका आहे. २०१५ साली तूरडाळ किलोला दोनशे रुपयांपर्यंत गेली, म्हणून २०१६ च्या खरिपात ज्याला त्याला तूर पेरावीशी वाटली. पाऊसही बरा झाला आणि पीक उदंड आले. बोनस धरून ५,०५० रुपयांचा हमीभाव जाहीर असताना बाजारात त्याहून कितीतरी कमी दर मिळू लागला. सरकारी खरेदी केंद्रांवर बंड्या आणि ट्रॅक्टरांच्या रांगा लागल्या आणि बारदाना संपला म्हणून खरेदी अडत राहिली, हे विदर्भातल्या कास्तकाराला वेगळे सांगायला नको. मागच्या वर्षीच्या भावावरून सर्वांनी एकच धडा घेतला आणि सर्वांनी तो एकाच वेळी घेतल्यामुळेच भाव पडला. ऑगस्ट २०२१ मध्ये सोयाबीन दहा हजारांवर गेले होते, ती आठवण मनात धरून पुढची दोन-तीन वर्षे माल घरात ठेवणाऱ्यांचे काय झाले, तेही आपण जवळून पाहिले असेल.

याच्या उलट, गुलाबी बोंडअळीचे उदाहरण घ्यावे. २०१७ च्या हंगामात तिने यवतमाळपासून बुलढाण्यापर्यंत कपाशीची जी नासाडी केली, तिच्यातून शिकण्यासारखे खूप होते आणि अजूनही आहे. अळी बाजारासारखी लहरी नाही. तिचा जीवनक्रम ठरलेला आहे आणि आपण तीच संधी दिली तर ती त्याच वाटेने परत येते. २००२ साली बीटी कपाशीला (बोंडअळीला मारक जनुक घातलेल्या वाणांना) परवानगी मिळाली, २००६ साली दोन जनुकांचे वाण आले आणि बोंडअळीचा प्रश्न मिटला असे सर्वांनी मानले. बियाण्याच्या ४५० ग्रॅमच्या पाकिटासोबत १२० ग्रॅम बिगर-बीटी बियाणे मिळत असे. ते वावराच्या कडेने लावायचे असे, म्हणजे त्यावर वाढलेल्या, बीटीची सवय नसलेल्या पतंगांशी संकर होऊन अळीची प्रतिकारशक्ती लवकर वाढत नाही. बहुतेकांनी ते लावलेच नाही. दुसरीकडे, ओलिताची सोय असलेल्यांनी मे महिन्यातच लावण केली आणि डिसेंबरनंतर पुन्हा पाणी देऊन मार्च-एप्रिलपर्यंत फरदड, म्हणजे त्याच झाडांवर पुन्हा पीक, घेतली. अळीला जवळजवळ वर्षभर अन्न मिळत राहिले.

ही अळी प्रत्यक्ष पाहिली नसेल तर तिचा कावेबाजपणा कळत नाही. हिरवे बोंड बाहेरून निरोगी दिसते, कारण ती लहान असतानाच आत शिरते आणि शिरल्याचे छिद्र भरून येते. बोंड दोन्ही अंगठ्यांनी दाबून फोडले की कच्च्या, ओलसर कापसात पांढुरकी किंवा गुलाबी झाक असलेली अळी सरकी पोखरत बसलेली दिसते आणि आजूबाजूचा धागा पिवळट पडलेला असतो. फुलाच्या पाकळ्या न उमलता गुलाबकळीसारख्या मिटून राहिल्या असतील, तर त्या डोमकळीतही तीच असते. हंगाम संपताना ती सरकीत, किडक्या बोंडात किंवा धुऱ्यावर (बांधावर) रचलेल्या पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या झाडांच्या, ढिगात सुप्तावस्थेत जाते आणि पाऊस पडला की पतंग होऊन बाहेर येते. त्या वेळी मे महिन्यात लावलेली कपाशी पात्या-फुलांवर आलेली असली तर तिची सोय होते. पावसावर जूनच्या मध्यानंतर लावलेली असली तर सुरुवातीच्या पतंगांना अंडी घालायला जागाच मिळत नाही आणि ती पिढी वाया जाते.

म्हणून २०१७ चा खरा धडा वावरातला आहे. लावण घाईने करू नये. फरदडीच्या दोन-चार क्विंटलांसाठी पुढचे वर्ष धोक्यात घालू नये. पऱ्हाटी उपटून तिची जानेवारीपर्यंत विल्हेवाट लावावी. लावणीनंतर साधारण दीड महिन्याने एकरी दोन कामगंध सापळे (मादीच्या गंधाने नर पतंगांना ओढणारे) लावावेत आणि सलग तीन रात्री दर सापळ्यात आठ किंवा अधिक पतंग सापडले तर सावध व्हावे. त्यानंतर एकरातून २० हिरवी बोंडे तोडून फोडावीत आणि दोन बोंडांत जरी अळी किंवा तिची खूण दिसली तरी उपायाची वेळ आली असे समजावे. नागपूरची केंद्रीय कापूस संशोधन संस्था आणि अकोल्याचे डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ या दोन्ही संस्था हे वर्षानुवर्षे सांगत आहेत. एक भर मात्र मी माझ्याकडून घालेन : हा धडा एकट्याने घेऊन भागत नाही, कारण शेजाऱ्याच्या फरदडीतले पतंग धुरा ओळखत नाहीत. तो शिवारभर घ्यावा लागतो, आणि त्यासाठी ग्रामसभेत बोलावे लागते.

आता आपल्या प्रश्नाचा गाभा. मागच्या हंगामाकडे पाहताना तीन गोष्टी वेगळ्या काढाव्यात : आपल्या हातात काय होते, त्या वेळी आपल्याला काय ठाऊक होते, आणि नशिबाने किंवा बाजाराने काय केले. स्मरणशक्तीवर विसंबून हे जमत नाही, कारण निकाल कळल्यावर आठवणी त्याला जुळवून घेतात आणि ‘मला तेव्हाच वाटत होते’ असे आपण प्रामाणिकपणे म्हणू लागतो. यावर उपाय म्हणजे एक साधी वही. निर्णय घेतो त्याच दिवशी तारीख टाकून त्यात कारण लिहावे. ‘आज अर्धा कापूस विकला. भाव हमीभावापेक्षा जास्त आहे, उधारी फेडायची आहे. उरलेला संक्रांतीपर्यंत ठेवणार, त्यानंतर भाव काहीही असो, विकणार,’ एवढ्या चार ओळी पुरतात. वर्षाने त्या वाचल्यावर कारण चुकीचे होते की केवळ निकाल, हे स्वच्छ दिसते. कारण बरोबर असेल तर तोच निर्णय पुन्हा घ्यावा, मग गाव काहीही म्हणो. दुधाने तोंड पोळलेला माणूस ताक फुंकून पितो, तशी आपली २०२२ साली गत झाली, आणि ती टाळण्याचा दुसरा मार्ग मला दिसत नाही.

विक्रीपुरते एवढेच सांगतो की सगळा माल एका दिवशी विकू नये आणि सगळा ठेवूही नये. देणी भागतील एवढा आधी काढावा आणि उरलेला टप्प्याटप्प्याने विकावा. घरात ठेवलेला कापूस वाळून वजनाला उतरतो आणि त्याचा रंगही जातो, हे भाववाढीच्या हिशेबात धरावे. सीसीआयच्या (भारतीय कापूस महामंडळाच्या) खरेदी केंद्रावर न्यायचा असेल तर ओलावा ८ टक्क्यांच्या जवळ असावा. त्यापुढे भाव कापला जातो आणि १२ टक्क्यांच्या वर माल घेतला जात नाही. तूर, सोयाबीन, हरभरा यांच्यासाठी मात्र बाजार समित्यांमार्फत राज्य कृषी पणन मंडळाची शेतमाल तारण कर्ज योजना आहे. तीत मालाच्या किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत रक्कम ६ टक्के व्याजाने ६ महिन्यांसाठी मिळते. आपल्या समितीत ती चालू आहे का, याची हंगामापूर्वीच चौकशी करून ठेवावी.

प्रश्न : २०१७ च्या पावसाळ्यात कपाशीवर फवारणी करून आल्यावर माझ्या पतींना मळमळ, घाम आणि डोळ्यांपुढे अंधारी असा त्रास झाला. दवाखान्यात भरती करावे लागले, पण देवाच्या कृपेने ते वाचले. आता विषय काढला की ते म्हणतात, ‘तेव्हा नाही मेलो, आता काय मरतो?’ तोंडाला दुपट्टा बांधतात, हातमोजे घालत नाहीत, मधेच हात न धुता सुपारी-तंबाखूचा खर्रा खातात. आता मोठा मुलगाही पाठीवर पंप घेऊ लागला आहे. एवढा मोठा अनुभव येऊनही माणूस शिकत कसा नाही आणि मी त्यांना काय सांगावे?
— एक गृहिणी, घाटंजी तालुका, जि. यवतमाळ

उत्तर : ताई, तुमचे पती शिकले आहेत, पण उलटे शिकले आहेत, आणि यात त्यांचा स्वभाव वाईट आहे असे मुळीच नाही. संकटातून सुटलेल्या माणसाला आपण सुटलो हे ठळक आठवते आणि कशामुळे सापडलो होतो हे पुसट होत जाते. त्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले, शेकडो लोक रुग्णालयात गेले आणि सरकारला चौकशीसाठी विशेष पथक नेमावे लागले. जे दगावले त्यांतल्या कित्येकांनीही त्याआधी अनेक हंगाम तशीच फवारणी केलेली असणार आणि त्यांनाही काही झालेले नसणार. काही झाले नाही, हाही एक अनुभवच असतो, पण त्याच्यावर जिवाचा भरवसा ठेवता येत नाही.

त्यांना एक गोष्ट आवर्जून सांगा. ऑरगॅनोफॉस्फेट गटातली कीटकनाशके शरीरातल्या कोलिनेस्टेरेज नावाच्या घटकाला निकामी करतात. हा घटक मज्जातंतूंचे काम सुरळीत ठेवतो आणि तो पूर्ववत भरून यायला कित्येक आठवडे लागू शकतात. म्हणजे सोमवारच्या फवारणीने काही जाणवले नाही तरी शरीरातला साठा घटलेला असतो, आणि पुढच्या आठवड्यातले तेवढेच औषध अधिक घातक ठरू शकते. एकदा सोसले म्हणून शरीर तयार झाले, असे या विषाच्या बाबतीत होत नाही. दुपट्ट्याविषयीही त्यांचा समज दूर करायला हवा. तुषारांनी ओला झालेला दुपट्टा ते विष नाकातोंडाला चिकटवून ठेवतो. घामेजलेल्या कातडीतून औषध आत जाते, आणि न धुतलेल्या हाताने मळलेल्या खर्ऱ्यातून तर ते थेट पोटात जाते.

वाद घालून हे पटणार नाही, असे मला वाटते. त्यापेक्षा एखाद्या निवांत संध्याकाळी, मुलाला जवळ बसवून, त्यांना त्या दिवसाची हकिगत सुरुवातीपासून सांगायला लावा. तुम्ही मात्र ‘मी म्हटले नव्हते का’ हे शब्द कटाक्षाने टाळा. वारा कुणीकडून होता, पऱ्हाटी डोक्याएवढी वाढली होती का, किती औषधे एकत्र मिसळली होती, मिसळताना काठी वापरली की हात, सकाळी काही खाऊन गेले होते का, किती पंप मारले, अंगावरचे कपडे कधी बदलले, हे एकेक विचारा आणि मुलाला लिहून घ्यायला सांगा. बापाच्या तोंडून आलेली ही हकिगत मुलाच्या मनावर जे बिंबवेल ते कोणत्याही शिबिरात बिंबणार नाही. त्या यादीतली प्रत्येक ओळ उलटवली की घरचा नियम तयार होतो : वाऱ्याच्या दिशेने चालत फवारायचे, डोक्याएवढ्या पिकात शिरायचे नाही, दोन-तीन औषधांची मिसळ करायची नाही, उपाशीपोटी जायचे नाही, हातमोजे, चष्मा, मास्क आणि पूर्ण बाह्यांचे कपडे घालायचे, आणि घरी आल्यावर पहिल्यांदा साबणाने अंघोळ करायची. डब्यावरच्या त्रिकोणाचा रंगही मुलाला शिकवा. लाल सर्वांत विषारी, मग पिवळा, निळा आणि हिरवा.

एवढे करूनही कधी त्रास झालाच, तर अंगावरचे कपडे काढून अंग धुवावे, मनाने ओकाऱ्या काढू नयेत आणि औषधाचा डबा किंवा निदान त्याचे लेबल सोबत घेऊन विनाविलंब सरकारी रुग्णालय गाठावे. कोणते विष आहे हे कळले की डॉक्टरांचा वेळ वाचतो. माझी तुम्हाला कळकळीची विनंती आहे की मुलाच्या पाठीवर पुढचा पंप चढण्याआधी हे बोलणे व्हावे.

प्रश्न : २०२० मध्ये आमचे सोयाबीन उगवले नाही आणि दुबार पेरणी करावी लागली. बाबा म्हणतात बियाणे बोगस होते; मी म्हणतो की मृग लागला म्हणून आपण अपुऱ्या ओलीवर पेरले. दर जूनमध्ये हा वाद नव्याने होतो. चूक कोणाची होती, हे ठरवायचे कसे?
— एक तरुण शेतकरी, मालेगाव तालुका, जि. वाशीम

उत्तर : त्या वर्षीची चूक आता ठरवता येणार नाही आणि तसा प्रयत्नही करू नये, कारण बियाणे वावरात गेले तेव्हाच पुरावा संपला. तुम्ही दोघेही बरोबर असण्याची शक्यता मोठी आहे. २०१९ च्या परतीच्या पावसात सोयाबीन भिजले होते, त्यामुळे पुढच्या हंगामात अनेक ठिकाणी बियाण्याची उगवणक्षमता घसरली आणि न उगवल्याच्या तक्रारींचा पाऊस पडला. कमकुवत बी अपुऱ्या ओलीत किंवा जास्त खोल पडले की ते उगवत नाही, आणि मग प्रत्येक जण आपल्याला सोयीचे कारण धरून बसतो.

बाबांच्या मृगाविषयी आदर ठेवूनच बोलावे. नक्षत्रांवर पेरणाऱ्या पिढीने ओलीचा अंदाज बांधण्यासाठीच ती मोजणी वापरली होती. आता गावागावांतल्या पावसाचे आकडे मिळतात, तेव्हा ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होऊन ओल खोलवर गेल्याशिवाय तिफण जुंपू नये, एवढे एक ठरवून घ्यावे. बी ३ ते ५ सेंटिमीटरपेक्षा खोल जाऊ देऊ नये.

बियाण्याचा वाद घरच्या घरी मिटतो. विकतचे असो वा घरचे, पोत्यात वेगवेगळ्या ठिकाणी हात घालून १०० दाणे मोजून काढावेत, ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या ओळींत मांडावेत, वर दुसरे ओले गोणपाट घालून गुंडाळी करावी आणि सावलीत ठेवून पाणी शिंपडत राहावे. पाच ते सात दिवसांनी गुंडाळी उघडून निरोगी मोड आलेले दाणे बाबांना मोजायला सांगावे. ७० किंवा अधिक आले तर शिफारशीइतके बियाणे वापरावे. थोडे कमी आले तर त्या प्रमाणात वाढवावे. फारच कमी आले तर ते पेरूच नये. सोयाबीनच्या दाण्याचे साल फार नाजूक असते, त्यामुळे पोती आदळू नयेत आणि त्यांची उंच थप्पीही लावू नये. विकतचे बियाणे असेल तर पावती, पिशवीवरचे लेबल आणि मूठभर बी काढणीपर्यंत जपून ठेवावे, कारण तालुक्याच्या तक्रार निवारण समितीपुढे गेल्यावर तेच मागितले जाते. ही चाचणी पेरणीच्या निदान पंधरा दिवस आधी लावावी, म्हणजे गरज पडल्यास बियाणे बदलून आणायला वेळ हाताशी राहील.